क्रूझवर बॅटरीची व्हीलचेअर न्यायची आहे, केबिन कोणती घ्यावी?

प्रश्न: आईला चालता येत नाही. साध्या केबिनमध्ये तिची खुर्ची मावेल का?

उत्तर १: बहुधा नाही. साध्या केबिनचं दार बऱ्याच जहाजांवर जेमतेम ५६-५८ सेंमी असतं, खुर्ची ६० च्या पुढे. खुर्ची कॉरिडॉरमध्येही ठेवू देत नाहीत, कारण तो आणीबाणीत बाहेर पडायचा रस्ता. अॅक्सेसिबल केबिनच (व्हीलचेअरसाठी बनवलेली, रुंद दाराची) घ्या. त्या मोजक्याच असतात, म्हणून आधी केबिन पक्की करा, मग तारखा. न्हाणीघराला उंबरठा आहे का, शॉवरमध्ये बसायची सीट आणि आधाराचे दांडे आहेत का, पलंगाखाली लिफ्टर (माणसाला उचलून खुर्चीत बसवायचं चाकांचं साधन) सरकेल का, हे लेखी विचारा.

उत्तर २: खरी अडचण बंदरात येते. जहाज धक्क्याला न लागता समुद्रातच नांगर टाकणार असेल, तर किनाऱ्यावर छोट्या बोटीने जावं लागतं, आणि जड बॅटरीची खुर्ची तिथे सहसा घेत नाहीत. मार्ग निवडताना प्रत्येक बंदराबद्दल हे तपासा. धक्क्यावरही भरती-ओहोटीने गँगवेचा (जहाजातून धक्क्यावर उतरायच्या फळीचा) उतार बदलतो. फार खडा झाला तर थोडं थांबावं लागतं. सोबत घडीची हलकी खुर्ची असू द्याच.

उत्तर ३: बॅटरीचा प्रकार, खुर्चीचं वजन आणि रुंदी बुकिंगच्या वेळीच कळवा. केबिनमध्ये सॉकेट कमी असतात, आणि सर्ज प्रोटेक्टर (वीजदाब अचानक वाढल्यास संरक्षण देणारा भाग) असलेला एक्स्टेंशन बोर्ड बहुतेक जहाजांवर जप्त होतो.