क्वेकातलं 'बुएल्ता' नेमकं कधी घ्यायचं

प्रश्न असा आहे की चिलेच्या क्वेका या रुमाल घेऊन करायच्या जोडीनृत्यात 'बुएल्ता', म्हणजे जोडीने जागांची अदलाबदल करणं, केव्हा येतं. उत्तर गाण्याच्या रचनेत आहे, म्हणून मोजत बसण्यापेक्षा शब्द ऐका. आधी आठ-आठ अक्षरांच्या चार ओळी; त्या संपल्या की पहिली अदलाबदल. मग सेगिदिया, म्हणजे आलटून-पालटून सात-पाच अक्षरांच्या ओळींचं कडवं, त्याच्या मध्यावर दुसरी आणि शेवटच्या दोन ओळींच्या तोंडाशी तिसरी. सेगिदियाची चौथी ओळ पुन्हा येते व तिला 'सी' (स्पॅनिशमध्ये 'हो') जोडलेलं असतं, तीच मध्याची खूण.

पावलांचा क्रमही याच्याशी बांधलेला आहे. सुरुवातीला अर्धचंद्राकार फिरणं, मग एस्कोबियादो, म्हणजे जमीन झाडल्यासारखं पाऊल घासत नेणं, आणि त्यानंतर टाचा आपटणारा सापातेओ. नवखे पहिल्याच कडव्यात टाचा आपटतात. मग शेवटी चढवायला काही उरत नाही.

जागा बदलताना सरळ रेषेत धावू नका. इंग्रजी 'S'सारखी वळणं घेत जा, म्हणजे नजर सुटत नाही. हा कोंबडा-कोंबडीच्या प्रियाराधनाचा अभिनय मानतात. नजर सुटली की सगळाच गेला.

रुमाल उजव्या हातात, टोकाला हलका धरलेला. खांद्यापासून हलवला तर झेंडा वाटतो; मनगटातून फिरवा. ताल सहा मात्रांचा, पण कधी ३+३, कधी २+२+२. दादऱ्याला सरावलेला कान इथेच फसतो!