बॅटरी पंप खालून गळायलाय, मदत हवी आहे

रामराम मंडळी. जिंतूरकडून विचारतोय. 16 लिटरचा, 12 व्होल्टचा फवारणी पंप आहे. सोयाबीन फवारताना पाठीला ओल लागायली म्हणून खालचं झाकण खोललं, तर बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट थर आणि मोटारीभोवती औषधाचं पाणी.

गनचा वॉशर आणि नोझलमधलं रबर नवं टाकलंय, तिथून आता थेंब नाही. टाकी भरून पंप बंद ठेवला तर रात्रभर खाली कोरडंच. चालू केला की ओल येते. म्हणजे टाकीला तडा नसावा, गळती दाबाच्या बाजूलाच असावी. शिवाय गन बंद केल्यावर मोटार थांबायला पाहिजे, तर ती थोड्या थोड्या वेळानं आपोआप टकटक करून चालू होते.

प्रेशर स्विचमधून (दाब भरला की मोटार बंद करणारा) पाणी येत असेल, का डायफ्रामला (पाणी ढकलणारा रबरी पडदा) चीर पडली असेल? कसं ओळखायचं? दुकानदार म्हणतो अख्खी मोटारच बदला (त्याला काय, विकायचंच आहे). नुसतं डायफ्राम किट बसतं का? पाईपच्या जोडाला टेफ्लॉन टेप चालते, का क्लिपच आवळायची?

औषध अंगावर यायलंय म्हणून फवारणी थांबवलीय, इकडं अळी काही थांबंना. परभणी-सेलूकडं चांगला मिस्त्री असला तर तेही सांगा.