मीटिंग सुरू होण्याआधीच्या पाच मिनिटांत इंग्रजीत काय बोलावे?

ऐरोलीची प्रवासी:
ऐरोलीच्या माइंडस्पेसमधील एका कंपनीत मी हिशेबाचे काम पाहते. माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले असले, तरी ताळेबंद किंवा थकबाकी यांविषयी इंग्रजीत बोलताना मी अडखळत नाही. अडखळते ती ब्रिटनमधील लीड्सच्या सहकाऱ्यांबरोबरचा कॉल सुरू होण्यापूर्वी, सगळे जण येईपर्यंत चाललेल्या गप्पांमध्ये. गेल्या सोमवारी एकाने मला 'यू ऑलराइट?' असे विचारले, तेव्हा आपला चेहरा आजारी दिसतो की काय या शंकेने मी त्याला माझ्या सर्दीची साद्यंत हकिकत ऐकवली. त्यानंतर पलीकडे पसरलेली शांतता अजून विसरता येत नाही. अशा गप्पांसाठी कोणते शब्द शिकावेत आणि उत्तर किती लांब द्यावे?

नौपाडा, निवृत्त शिक्षक:
आपले इंग्रजी चुकलेले नाही. प्रश्न कशासाठी विचारला गेला, एवढेच निसटले. ब्रिटनमध्ये 'यू ऑलराइट?' हा बहुतेक वेळा नमस्कारच असतो आणि त्याला 'येस, थँक्स, यू?' इतके उत्तर पुरते. तलावपाळीवर ओळखीच्या गृहस्थांनी 'काय, फिरायला वाटतं?' असे विचारले, तर आपण त्यांना मधुमेहाचा अहवाल दाखवत नाही, तसेच हे आहे. माहिती देण्यापेक्षा नाते राखण्यासाठी होणाऱ्या अशा बोलण्याला मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की यांनी १९२३ मध्ये 'फॅटिक कम्युनियन' असे नाव दिले. आपल्याकडे त्याला ख्यालीखुशाली म्हणतात आणि ती आपल्याला उत्तम जमते.

शब्दांच्या याद्या पाठ करण्याऐवजी एक सवय लावून घ्यावी. 'हाऊ वॉज युवर वीकेंड?' याला नुसते 'गुड' म्हटले, तर गप्पा तिथेच मिटतात. 'लव्हली, वी टुक द किड्स टु येऊर. हाऊ वॉज युवर्स?' असे म्हटले, तर समोरच्याला येऊरविषयी विचारता येते आणि स्वतःविषयीही बोलता येते. एक छोटा तपशील आणि एक प्रश्न, यापलीकडे फारसे काही लागत नाही. मात्र 'व्हॉट्स युवर गुड नेम?' टाळावे, ते 'शुभनाम' या शब्दाचे भाषांतर आहे आणि परदेशी माणसाला त्यातील 'गुड' कळत नाही.

नेरूळकर:
सरांचे म्हणणे मान्य आहे, पण काही शब्द वेगळे शिकावेच लागतात, कारण ते देशागणिक फिरतात. 'क्वाइट गुड' म्हणजे अमेरिकी माणसाला 'फारच छान' वाटते, तर ब्रिटिश माणूस त्याच शब्दांत पुष्कळदा 'ठीकठाक' एवढेच सुचवतो. कोणी 'कॅन आय टेक अ रेन चेक?' म्हणाले, तर ते आजचे आमंत्रण पुढे ढकलत असतात. हा शब्द अमेरिकेतील बेसबॉलमधून आला, जिथे पावसाने सामना बंद पडला की प्रेक्षकांना पुढच्या सामन्यासाठी चिठ्ठी मिळत असे. ऑस्ट्रेलियात 'ब्रिंग अ प्लेट' म्हणजे घरून एखादा पदार्थ करून आणा. सिडनीला राहणारा माझा मावसभाऊ (तिथे त्याला 'कझिन ब्रदर' म्हणू नये, नुसते 'कझिन' पुरते) पहिल्या वेळी खरोखर रिकामी ताटली घेऊन गेला होता.

ऐरोलीची प्रवासी:
दोघांचेही मनापासून आभार. आज एकाने 'वी मस्ट हॅव यू ओव्हर समटाइम' असे म्हटले, ते आमंत्रण समजावे का? आणि निरोप घेताना 'आय ॲम कमिंग' म्हणण्याचा मोह मला अजून आवरत नाही.

नौपाडा, निवृत्त शिक्षक:
आपल्या 'या एकदा घरी' इतकेच ते आमंत्रण आहे. वार आणि वेळ सांगितल्याशिवाय घराबाहेर पडू नये. 'येते' या शब्दाचे इंग्रजी 'सी यू' असे करावे, कारण 'आय ॲम कमिंग' ऐकून समोरचा माणूस वाट पाहत बसेल. बोलणे लांबले असेल, तर 'आय विल लेट यू गो' म्हणावे. ते आपल्या 'तुमचा जास्त वेळ घेत नाही' याचे सख्खे भावंड आहे. दोन्हींत घाई बोलणाऱ्यालाच असते.