मदत हवी आहे: स्क्रीन दुरुस्तीला दुकानदार पिन मागतोय, द्यायची का?

वायंगण
फोनची स्क्रीन गेलीय. म्हापशात एका दुकानात दाखवला. तो म्हणतो ठेवून जा, पिन कागदावर लिहून द्या, उद्या संध्याकाळी न्या. पिन द्यायची का? आत बँक, आधार, घरचे फोटो, सगळंच आहे. आज सातच्या आत दुकानात पोचायचंय. 'नवीन घ्या' असले सल्ले कृपया नकोत.

खाजनबांध
'स्क्रीन गेली' म्हणजे नक्की काय? काच फुटली, काळी पडली, रेघा आल्या की टच मेला? प्रत्येकाचं उत्तर वेगळं. मॉडेल कोणतं? बॅकअप आहे?

उंडो_गरम
विचार कसला करता? दुसऱ्या फोनवरून गूगलच्या 'फाइंड'मध्ये (हरवलेला फोन शोधायची सोय) जा, फॅक्टरी रीसेट मारा, म्हणजे फोनमधलं सगळं पुसा, आणि कोरा फोन दुकानात द्या. विषय संपला.

खाजनबांध
बॅकअप आहे की नाही ते कळायच्या आत रीसेट? फोटो कुठून आणणार मग? शिवाय रीसेटनंतर फोन जुनं गूगल खातं मागतो. त्याचा पासवर्ड आठवत नसेल तर फोनची वीट.

पाटो_पूल
संचार साथी या सरकारी पोर्टलवर आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) टाकून ब्लॉक करा. सीईआयआरची, म्हणजे हरवलेले फोन ब्लॉक करायची सोय मे २०२३पासून देशभर आहे. पोलिसांत तक्रार दिल्याची प्रत लागेल.

वायंगण
फोन हरवलेला नाही हो, हातात आहे!
सॅमसंग ए सिरीज, अँड्रॉइड १४. चित्र स्वच्छ दिसतं. टच वरच्या अर्ध्यात चालतो, खाली मेलाय. पिनचे ७, ८, ९, ० दाबले जात नाहीत. बोटाने उघडतो, सेन्सर बाजूच्या बटणात आहे. बॅकअप नाही.

कुळागर
मग आत्ताच्या आत्ता फोन बंद करा आणि बंदच द्या. अँड्रॉइड १० किंवा पुढचं घेऊन बाजारात आलेल्या फोनमध्ये आतला डेटा एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे कुलूपबंद असतो. फोन सुरू झाल्यावर पहिल्यांदा पिन पडेपर्यंत फोटो, चॅट काहीही वाचता येत नाही. फोल्डर (दुकानदारांच्या भाषेत टचसकट अख्खी स्क्रीन) बदलायला पिन लागत नाही. कारागिराला टच बघायचा तर लॉक स्क्रीनवरचा इमर्जन्सी कॉल उघडावा, शून्य ते नऊ सगळी बटणं तिथे आहेत.

खाजनबांध
वायंगण, थांबा, बंद करू नका! कुळागर सांगतोय ते खरं, पण क्रम चुकीचा. रीस्टार्टनंतर बोट चालत नाही, पिनच लागते, आणि ७-८-९-० तर मेलेत. बॅकअप राहिला आत. एरवीही ७२ तासांतून एकदा फोन पिन मागतोच, तेव्हा उशीर नको.

टाइप-सी ओटीजी (फोनला यूएसबी वस्तू जोडायचा छोटा जोड) घ्या, शंभर-दीडशेला मिळतो. घरातला कुठलाही यूएसबी माऊस लावा, पडद्यावर बाण येतो. नसेल तर ऑटो रोटेट चालू करून फोन आडवा धरा. मेलेला भाग एका कडेला जातो आणि खालची बटणं चालत्या भागात येतात.

मग व्हॉट्सॲप: सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप. हा बॅकअप आता गूगलच्या फुकटच्या १५ जीबीतच मोजला जातो, आधी जागा बघा. फोटो वाय-फायवरून गूगल फोटोजवर चढवा. बॅकअप पुरा झाला की मेंटेनन्स मोड: सेटिंग्ज, बॅटरी अँड डिव्हाइस केअर, मेंटेनन्स मोड. फोन रीस्टार्ट होऊन कोऱ्यासारखा उघडतो. कारागीर हवं ते तपासू शकतो, तुमचं काही दिसत नाही. बाहेर यायला तुमचंच बोट किंवा पिन लागते.

कुळागर
मान्य, बॅकअप नसल्याचं नजरेतून सुटलं. पण दोन गोष्टी तुझ्याही राहिल्या. मेमरी कार्ड आपोआप एन्क्रिप्ट होत नाही, ते दुसऱ्या फोनमध्ये घातलं की सगळं दिसतं. सिम आणि कार्ड ट्रेसकट काढून घरी ठेवा. दुसरं, यूपीआय लाइट, म्हणजे छोट्या रकमांसाठी फोनमध्येच ठेवलेली शिल्लक. त्याला यूपीआय पिन लागत नाही, एका वेळी १,००० आणि एकूण ५,००० रुपयांपर्यंत. ती शिल्लक आधी खात्यात परत घ्या.

सुशेगाद_७
मुळात ओल गेली असणार. फोन बंद करून उकड्या तांदळाच्या डब्यात दोन दिवस पुरून ठेवा, टच परत येतो.

खाजनबांध
पुन्हा 'बंद करून'! तांदूळ आतली ओल ओढत नाही, उलट पीठ चार्जिंगच्या भोकात जाऊन बसतं. उकडे तांदूळ पेजेला ठेवा.

उंडो_गरम
माऊसची भानगड कशाला, माझ्या फोनला ओटीजी लावला तर काहीच होत नाही.

कुळागर
ओप्पो, रिअलमी, वनप्लसच्या बऱ्याच फोनमध्ये ओटीजी सेटिंगमधून चालू करावा लागतो आणि दहा मिनिटं वापरला नाही की आपोआप बंद होतो. सॅमसंगला ती अट नाही.

पाटो_पूल
पण म्हापशात कशाला? पणजीत अठरा जून रस्त्यावर समोर बसवून करून देतात.

वायंगण
माऊस चालला!! व्हॉट्सॲप झालं, फोटो चढतायत. पण मेंटेनन्स मोड कुठेच दिसत नाही. आणि दुकानदाराचा फोन आला, पिन नसेल तर 'गॅरंटी नाही' म्हणतो.

खाजनबांध
सगळ्या मॉडेलना तो मोड नाही. सेटिंग्जच्या शोधात 'मेंटेनन्स' टाकून बघा, तिथेही नसेल तर नाहीच. मग बॅकअप संपल्यावर कुळागरच्या वाटेने: सिम आणि मेमरी कार्ड बाहेर, फोन बंद, पिन नाही. फोल्डर लावताना बॅटरीची स्ट्रिप (जोडणीची पट्टी) काढतातच, म्हणजे फोन तसाही रीस्टार्ट होणार. म्हणून तर तो पिन मागतोय, त्यात काळंबेरं असेलच असं नाही. त्याला सांगा, "घ्यायला येईन तेव्हा पिन मी टाकतो, टच समोर तपासू." गॅरंटी फोल्डरची असते, तिचा पिनशी संबंध नाही. पावतीवर आयएमईआय आणि फोल्डर ओरिजिनल की कॉपी हे लिहून घ्या.

कुळागर
काउंटरवर पिन टाकताना स्क्रीन स्वतःकडे धरा. टच तपासायला होम स्क्रीनवरचं एक आयकॉन दाबून धरा आणि चारी कडांवरून फिरवा. जिथे ते हातातून सुटतं तिथे टच मेलेला आहे. पैसे त्यानंतर.

सुशेगाद_७
आणि फोटो चढले की नाही ते दुसऱ्या फोनवरून उघडून बघा. 'बॅकअप पूर्ण' असं दिसतं, पण गूगल फोटोजमध्ये व्हॉट्सॲपच्या फोटोंचा कप्पा (फोल्डर) वेगळा निवडावा लागतो.

वायंगण
अरे हो, तो निवडलाच नव्हता. ३,४०० फोटो बाकी दाखवतोय. दुकान आज राहू दे.