उच्चार खरा असला तरी साचा उरतोच

'मॉडर्न फॅमिली' या अमेरिकी विनोदी मालिकेत ग्लोरिया साकारणारी सोफिया व्हर्गारा कोलंबियाचीच आहे, तिच्या इंग्रजीचा उच्चार खरंच तसा आहे, मग ग्लोरियात परदेशी माणसाचा ठरीव साचा कसला, हा मुद्दा अर्धाच पटतो. उच्चार खरा आहे. पण प्रश्न हा की हसू नेमकं कशावर येतं.

२०१० च्या हॅलोविनच्या भागात बघा. ग्लोरिया 'बेबी चीज' मागवते, ऐकणारीला 'बेबी जीझस' ऐकू येतं आणि घरात बाळ येशूंच्या मूर्तींचं खोकं येऊन पडतं. हा विनोद फक्त उच्चारावर उभा आहे. पण त्याच भागात सगळे टिंगल करतात म्हणून ती दुखावते, आणि ते दुखणं लेखकांनी लपवलेलं नाही. म्हणूनच पुढे ती विचारते की मी स्पॅनिशमध्ये किती हुशार आहे हे तुम्हाला माहीत तरी आहे का, तेव्हा ते थेट काळजाला लागतं.

एक सोपी चाचणी आहे: संवाद साध्या इंग्रजीत वाचायचा. विनोद टिकला तर तो पात्राचा, उडाला तर उच्चाराचा.

'दॅट सेव्हंटीज शो' या अमेरिकी विनोदी मालिकेतला परदेशी विद्यार्थी फेझ इथे साफ नापास होतो. त्याचा देश शेवटपर्यंत सांगतच नाहीत. परकेपणा हीच त्याची ओळख.

'ब्रुकलिन नाइन-नाइन' या पोलिसांवरच्या विनोदी मालिकेत रोझा आणि एमी अशा दोन लॅटिना (लॅटिन अमेरिकी वंशाच्या स्त्रिया) आहेत, एक तुटक, रागीट, दुसरी नियमांची वेडी. दोघी असल्यामुळे एकीवर अख्ख्या समाजाचं ओझं येत नाही. लेखकांनी आधी हेच करावं: एकाऐवजी दोन पात्रं.