कळंगुटला भाचा अटकेत: बॉण्डचे पैसे कुणाला द्यायचे?

प्रेषक: डॅलसची काकू

मंडळी, पुण्याचा माझा भाचा काल रात्री कळंगुटला भाड्याच्या स्कूटरने एका पादचाऱ्याला धडकला. त्या गृहस्थांचा पाय मोडलाय म्हणे. पोरगं पोलीस ठाण्यात आहे आणि कुणीतरी फोन करून 'बॉण्डसाठी' पन्नास हजार मागतोय. इथे शेजाऱ्यांनी मुलाला सोडवताना बॉण्डवाल्याला दहा टक्के दिले होते. गोव्यात असा बॉण्डवाला कुठे भेटेल?

प्रेषक: म्हापशाचा वकील

काकू, त्या फोनवाल्याला छदामही पाठवू नका. गोव्यातच काय, अख्ख्या भारतात बॉण्ड विकणारी दुकानं नाहीत. तुमच्याकडे न्यायाधीशांनी दहा हजार डॉलर ठरवले की कंपनी साधारण हजार घेते, ते परत देत नाही, आणि पूर्ण रकमेची हमी कोर्टाला देते. आपल्याकडे माणूस लागतो: आरोपी तारखेला हजर राहील असं लिहून देणारा जामीनदार. जामीनपत्रावरचा आकडा त्या दिवशी कुणी भरत नाही. आरोपी फिरकला नाही तर कोर्ट तो जामीनदाराकडून वसूल करतं, आणि वसूल होत नसेल तर त्याला सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैदेत धाडू शकतं. आजवर किती जणांना जामीन राहिलोय, हेही त्याला लेखी द्यावं लागतं. भाडोत्री जामीनदारांना चाप बसावा म्हणून ही तरतूद.

तुम्ही सांगताय त्यावरून बेदरकारपणे गाडी चालवणं आणि त्यातून दुखापत, भारतीय न्याय संहितेची २८१ आणि १२५ ही कलमं लागतील. दोन्ही जामीनपात्र. म्हणजे जामीन हा त्याचा हक्क आहे, ठाण्यातच मिळायला हवा. दारू प्यायला असेल तर मोटार वाहन कायद्याचं १८५ वाढेल, तरी फरक पडत नाही. नाहीच सोडलं तर २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावंच लागतं. जखमी दगावला आणि सदोष मनुष्यवध लावला, तर मात्र लढाई वेगळी.

जामीनदार कुठून आणायचा? घर-जमीन असलेला स्थानिक म्हटलं की एक-चौदाचा उतारा (म्हणजे गोव्याचा सातबारा) मागतात, आणि आपल्या गोव्यात त्या उताऱ्यावर पणजोबांपासून सगळं गोत बसलेलं असतं! त्यापेक्षा पगारदार माणूस बरा. पुण्याहून कुणी आलं आणि 'परजिल्ह्यातला नको' असं ऐकायला लागलं, तर मोतीराम खटल्याचं नाव घ्या. सर्वोच्च न्यायालयाचे न्या. कृष्ण अय्यर यांनी १९७८ सालीच या सबबीला फटकारलंय. अगदीच कुणी नसेल तर रोख अनामत ठेवायची परवानगी मागता येते. अटी पाळल्या तर खटला संपल्यावर ती परत मिळते, फक्त पावती जपा.

प्रेषक: डॅलसची काकू

मडगावला मावसबहीण आहे, सरकारी शाळेत शिक्षिका. ती चालेल? तिला त्रास नको व्हायला.

प्रेषक: म्हापशाचा वकील

चालेल. आधार, फोटो, पगाराची स्लिप घेऊन येऊ दे. पण तारखा पडत राहतील आणि भाच्याला पुण्याहून यावं लागेल, हे तिला आधी सांगा. पुढे नकोसं झालं तर अर्ज करून ती मोकळी होऊ शकते, मग भाच्याला दुसरा जामीनदार आणावा लागेल.

आणि स्कूटरची नंबरपाटी पांढरी होती की काळी, ते भाच्याला विचारून ठेवा. पांढरी असेल, म्हणजे खासगी गाडी भाड्याने दिली असेल, तर विमा कंपनी भरपाईच्या दाव्यात हात वर करायला बघेल.