गुड गर्ल, बॅड ब्लड: पिपला परत तपासात ओढायची गरज होती का? (स्पॉयलर आहेत, न वाचलेल्यांनी थांबा)

रात्रवाचक:
होली जॅक्सनचं 'गुड गर्ल, बॅड ब्लड' (२०२०) संपवलं आणि मला अजिबात पटलं नाही. पहिल्या भागात पिप, म्हणजे मालिकेची शाळकरी नायिका, शाळेच्या प्रोजेक्टसाठी पाच वर्षांपूर्वीची मिटलेली केस उकरते, कोणी सांगितलेलं नसतं, हट्ट पूर्ण तिचा, आणि सगळी मजा त्या हट्टात होती. इथे ती तपास बंद म्हणून बसलीये, मग तिचा मित्र कॉनर येतो, त्याचा भाऊ जेमी गायब आहे, पोलीस मनावर घेत नाहीयेत, की झाली हिची सुरुवात. आणि शेवटी काय, तर लहानपणी भयंकर गुन्ह्यात अडकलेला माणूस नाव बदलून नेमका त्याच गावात, आणि सूड घ्यायला आलेलाही तिथेच! ती जुनी गोष्ट इतकी उशिरा कळते की आपण अंदाज बांधणार कशावर?

शेवटचंपान:
नाही हो, क्लू आहेत. लेला नावाचं ते खोटं प्रोफाइल कुणाकुणाशी बोलतंय बघा, सगळे साधारण एकाच वयाचे पुरुष. कोणीतरी माणूस शोधतंय हे तिथेच दिसतं. नाव उशिरा कळतं एवढंच.

रात्रवाचक:
शोधतंय हे कळलं, पण का शोधतंय ते लेखिकेने सांगेपर्यंत कळायची सोयच नाही. त्याला मी फेअर क्लू म्हणणार नाही.

निळीशाई:
तुम्ही दोघंही जेमीवरच अडकलात. माझ्यासाठी हे पुस्तक मॅक्स हेस्टिंग्जच्या खटल्याचं आहे, मुलींना गुंगीचं औषध देऊन बलात्कार केल्याचा आरोप असलेला तो. पिपने पहिल्या भागात सत्य बाहेर काढलं, त्यावर पॉडकास्ट केला, लाखोंनी ऐकला, आणि तरी कोर्ट त्याला निर्दोष सोडतं. मुलींनी साक्ष दिली, तरी. त्या पानावर मी पुस्तक मिटून ठेवलं होतं थोडा वेळ. पुरावे जमवले की न्याय मिळतो हाच तिचा सगळा आधार होता ना, तोच गेला, आणि त्यानंतरची तिची चिडचिड, मॅक्सच्या कबुलीचं रेकॉर्डिंग सरळ पब्लिक करणं, हे सगळं त्यातून येतं. टीनएज डिटेक्टिव्हच्या किती गोष्टींत पुढच्या भागात पोरगी परत ताजीतवानी, जणू आधी काही घडलंच नाही! इथे तसं नाही, आणि शेवटी तर डोळ्यांसमोर गोळी लागलेल्या माणसाला वाचवायला ती जिवाचं रान करते आणि तो जातोच.

रात्रवाचक:
मॅक्सचा भाग जबरदस्त आहे, वादच नाही. म्हणूनच राग येतो, मग तोच मध्यभागी ठेवायचा ना, बेपत्ता जेमी कशाला?

निळीशाई:
कारण तिला कोर्टावर विश्वास उरला नाही हे नुसतं सांगून चालत नाही, ती त्या अवस्थेत दुसऱ्याचा जीव वाचवायला कशी पळते ते दाखवावं लागतं. तिसरा भाग 'अ‍ॅज गुड अ‍ॅज डेड' (२०२१) वाचा, तिथे पिप जे करते ते या दोन्ही गोष्टींशिवाय पटलंच नसतं.

रात्रवाचक:
वाचेन. पण दुसरं पुस्तक तिसऱ्याच्या भरवशावर चांगलं ठरत असेल तर ते मला मान्य नाही.